बन्सीची पाटी

सेलू
ज्येष्ठ वद्य ८, शके १८६०

चि. गोविंदास अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले, पण कैऱ्यांच्या राड्यात हात मोकळा होईना. आज ह्यांचा टाक घेऊन बसले आहे. हा मेला शाई ओकतो, तेव्हा डागांवरून मला हसू नकोस. आपला बोरू बरा होता, निदान सांगितलेलं ऐकायचा.

ह्यांच्या सरकारी मदरशात हैदराबादेहून नवा फळा आला आहे. चांगला भिंतीएवढा, काळाभोर. आधी कोळसा आणि डिंक खलून भिंतच काळी करायचे, दर पावसाळ्यात तिचे पोपडे पडायचे. आता पेटीतून खडू येतात. पोरं ते खिशात घालून पळवायलेत आणि हे रोज कोपरापर्यंत पांढरे होऊन घरी यायलेत. कोट कुणी धुवायचा? मी. पण खरं सांगते, मी एकदा सुटीच्या दिवशी जाऊन तो फळा बघून आले. सगळ्या वर्गाला एकाच वेळी एकच अक्षर दिसतं रे! आपल्या नानांना त्यांच्या शाळेत प्रत्येक पोरापुढं वाकून बोट धरावं लागायचं, कंबर गेली बिचाऱ्यांची.

आणि तू? परवा तुमच्या माळेवाडीचा लिंबाजी सरकी घ्यायला इथं आला होता. भाकरी खाता खाता म्हणाला, "मास्तर लय गुणाचं, पर लेकरं अजून धुळीत बोटं घालून बसत्यात." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नानांच्या काळी पाट्या मिळत नव्हत्या म्हणून त्यांनी फळीवर विटकरीची भुकटी पसरली. तुला काय धाड भरली आहे? ऐपत नसेल तर तसं लिही. बहिणीपासून काय लपवायचं?

माझा बन्सी असता तर यंदा चौथीत गेला असता. ह्यांच्यासमोर मी त्याचं नाव काढत नाही, म्हणून तुला लिहिते.

तुझी अक्का


माळेवाडी
आषाढ शुद्ध २

ती. स्व. सौ. अक्कास गोविंदाचा साष्टांग नमस्कार.

तू रागावलीस की मला बरं वाटतं, नानाच बोलायलेत असं वाटतं.

धुळीचं म्हणशील तर तिच्यात लाख गुण आहेत. फुटत नाही, हरवत नाही, पोरांच्या भांडणात कुणाच्या डोक्यात घालता येत नाही. पहिल्या अक्षराला बोटच पाहिजे, असं नाना म्हणायचे. तू नाही का माझ्या शेजारी बसून, मी गिरवलेलं तळहातानं पुसून, त्याच जागी स्वतःचं गिरवायचीस? नाना बघून न बघितल्यासारखं करायचे. तशी शिकलीस म्हणून आज मला चार ओळींत झोडपायलीस.

माझी ऐपत बरी आहे. आबासाहेब पाटलांनी कडब्याची खोली दिली आहे, दोन्ही वेळा कुणा ना कुणाच्या घरून भाकरी येते. तू पाट्याबिट्यांच्या भानगडीत पडू नकोस. दाजींना नमस्कार.

तुझा
गोविंद


माळेवाडी
आषाढ शुद्ध २

ती. स्व. दाजीसाहेब यांस गोविंदाचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र मुद्दाम तुमच्या मदरशाच्या पत्त्यावर टाकतो आहे. घरी नेऊ नका.

अक्कानं धुळीबद्दल विचारलं. मी थट्टेवारी नेलं, पण तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. गेल्या साली माझी शाळा बंद करायला पोलीस आले होते, हे तुम्हां दोघांना मी कळवलं नव्हतं. तालीमात, म्हणजे शिक्षण, खात्याच्या मंजुरीवाचून खानगी शाळा भरवली, हा गुन्हा. मंजुरीचा अर्ज मी दोनदा केला, दोन्ही वेळा उत्तर नाही. शेवटी अमीनसाहेबांनी, म्हणजे इथल्या फौजदारांनी, माझ्याकडून मुचलका लिहून घेतला, की पुन्हा पोरं जमवणार नाही. पुन्हा सापडलो तर सरळ कैद. आबासाहेबांची पाटीलकीही जाईल, कारण खोली त्यांची.

मी चार महिने शाळा भरवली नाही. सरकारी मदरसा तीन कोसांवर, मध्ये ओढा, आणि तिथं पहिल्या दिवसापासून उर्दू. सात वर्षांचं पोर घरात मराठी बोलतं आणि तिथं तख्तीवर उलट्या बाजूनं लिहिणाऱ्या कलमाकडं बघून रडतं. उर्दूशी माझं वैर नाही, ती मीही शिकलो. पण आधी आईची भाषा हातात बसू द्या ना! आमच्याकडची पोरं तिथं जाणं सोडतात आणि गुरं राखतात. म्हणून मी पुन्हा बसलो.

म्हणून धूळ. कुणी येताना दिसलं की पोरं तळहात फिरवतात. उरतं काय? जमीन. पाटी सापडली तर ती कुणाची, कशाला, कुणी दिली, हे सगळं आलं. तेव्हा अक्काला पाट्या पाठवू देऊ नका, एवढंच मागणं आहे. तिला खरं सांगू की नको, ते तुम्हीच ठरवा. बन्सी गेल्यापासून तिची झोप गेली आहे, त्यात माझी काळजी नको असं मला वाटतं.

आपला
गोविंद


सेलू
आषाढ वद्य १

चि. गोविंदरावांस दत्तोपंतांचे आशीर्वाद.

पत्र पावले. वाचून जाळले. आपणही माझे जाळावे.

आपण करीत आहात ते गैरकानूनी आहे. मी सरकारचा नोकर असल्याने मला हे ठाऊकच नसावयास पाहिजे होते. माझा सल्ला विचाराल तर शाळा आजच्या आज बंद करावी व मंजुरीची वाट पाहावी. पण आपण ऐकणार नाही, हे जाणून आहे.

सौ.ला काही सांगणार नाही. शेजारच्या सुमनबाईंचे यजमान परभणीच्या कचेरीत पेशकार आहेत, दर शनिवारी घरी येतात, आणि या दोघी दिवसातून चार वेळा कुंपणाशी उभ्या असतात. सौ. मनाने निर्मळ आहे, परंतु तिच्या पोटात काही राहत नाही. न कळलेलेच बरे.

मी परीक्षेच्या कामावर सहा आठवडे औरंगाबादेस जात आहे. मागील खेपेस याच कामावर असताना बन्सी गेला, त्यामुळे जाववत नाही, पण हुकूम आहे. पाट्यांविषयी सौ.ला ताकीद देऊन निघेन.

दत्तोपंत


सेलू
श्रावण वद्य ४

चि. गोविंदास आशीर्वाद.

रागावायचं नाही, आधी शपथ घे.

चुडावा स्टेशनावर पार्सल येईल ते लिंबाजीला पाठवून सोडवून घे. जड आहे, गाडीच घेऊन जाऊ दे. आत पाट्या आहेत. हो, पाट्याच! हे निघताना म्हणाले, "गोविंदाला काही पाठवू नकोस, त्याला मिंधेपणा वाटतो." वाटो! भावाला कसला बहिणीचा मिंधेपणा?

विकत एकही घेतली नाही. सुमनबाई आणि मी मंगळागौरीच्या निमित्तानं घरोघर फिरलो. पोरं मोठी झाली, वह्यांवर लिहायला लागली, की पाटी माळ्यावर जाते. नाहीतर बायका तिच्यावर पापड वाळत घालतात. मी प्रत्येकीला म्हटलं, "ओटीत नारळ नको, पाटी घाल." लय हसल्या, पण दिल्या. काहींच्या चौकटी निखळल्या होत्या, त्या चंद्रभान सुतारानं ठोकून दिल्या. दगडी पेन्सिलींचे तुकडे एका पुरचुंडीत आहेत.

त्यांत एक पाटी बन्सीची आहे. ह्यांनी तापल्या सुईनं चौकटीवर त्याचं नाव डागलं होतं, तीच. पेटीत ठेवली होती, पेटी उघडली की मला दुसरं काही दिसायचंच नाही. म्हटलं, कुणीतरी तिच्यावर लिहावं. ह्यांना सांगितलं नाही, औरंगाबादेहून आल्यावर सांगेन. ती एखाद्या शांत पोराला दे. आणि दसऱ्याला पाटीपूजन करशील तेव्हा तिच्यावर माझ्याकडून एक फूल वाहा.

अक्का


माळेवाडी
भाद्रपद शुद्ध ५

ती. स्व. सौ. अक्कास साष्टांग नमस्कार.

पार्सल पोचलं. रागावलो नाही.

खरं सांगायचं तर दोन दिवस मी ते उघडलंच नव्हतं. लिंबाजीनंच दोरी सोडली. पोरं आधी जवळ येईनात. सटवाजी म्हणून एक दांडगा पोरगा आहे, त्यानं पाटीवर बोटानं अ काढला आणि काही उमटत नाही म्हणून माझ्याकडं बघायला लागला. पेन्सिल हातात दिली तर घासण्याच्या आवाजानं दचकला. मग जो गलका झाला तो विचारू नकोस. धुळीत अक्षर काढलं की वारा यायचा, शेजारच्याचा पाय पडायचा. आता पोरांना आपलं अक्षर घरी नेऊन आईला दाखवता येतं. कालचं अक्षर आजच्या अक्षराशेजारी ठेवून बघता येतं. मला वाटलं नव्हतं एवढा फरक पडतो. चार दिवसांत त्यांची अक्षरं लहान झाली, ओळीत बसायला लागली.

बन्सीची पाटी अंबिकाला दिली. धुरपताबाईची नात, आईबाप नाहीत, बोलते कमी. ती पाटी उशाला घेऊन निजते असं म्हातारी म्हणाली.

मी सगळ्यांना बजावलं आहे, पाट्या घरात कणगीत ठेवायच्या, उघड्यावर आणायच्या नाहीत. फुटतील म्हणून. एवढं दिलंस, आता आणखी काही पाठवू नकोस अक्का. खरंच नको.

तुझा
गोविंद


सेलू
भाद्रपद वद्य ११

चि. गोविंदास आशीर्वाद.

तुझं पत्र मी सुमनबाईंना वाचून दाखवलं. आम्ही दोघी रडलो आणि मग त्या सटवाजीवर हसलो.

पण तुझ्या पत्राच्या शेवटी काहीतरी आहे ते मला कळेना. कणगीत का? पाट्या काय, फुटायच्याच, पोरांना फोडू दे की दोनचार! आमच्या घरची जुनी पाटी चौकटीतून निखळून फुटलेली होती आणि बन्सी त्या तुकड्यावरही लिहायचा. तुझं काही बिनसलं आहे का? हे परत आलेत. त्यांना विचारलं तर म्हणतात, "काही नाही, तू स्वयंपाकाचं बघ." बन्सीची पाटी दिल्याचं सांगायला तोंड उघडलं, तर बन्सीचं नाव ऐकूनच बाहेर निघून गेले. म्हणून राहिलं.

दसऱ्याचं विसरू नकोस.

अक्का


परभणी, हवालात
आश्विन वद्य १

ती. स्व. दाजीसाहेब यांस साष्टांग नमस्कार.

लिंबाजी हे पत्र तुमच्या हातात देईल. मला पकडलं आहे. अंगाला हात लावलेला नाही, काळजी नसावी.

घडलं ते असं. दसऱ्याला गावात मारुतीच्या पारावर सगळ्यांची अवजारं मांडतात. नांगराचे फाळ, विळे, सुताराचे वाकस, वाण्याची तागडी. ज्याचं पोट ज्याच्यावर, त्यानं ते आणून ठेवायचं. पोरांनी पाट्या आणल्या. आयांनीच आणवल्या. प्रत्येकीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढलेली, वर झेंडू, आपट्याची पानं. मी स्वतः तिथं उभा होतो, दाजी! मीच अंबिकाला सरस्वतीचा मोर कसा काढायचा ते दाखवलं, अक्काचं फूल मीच वाहिलं. कणगीत ठेवा म्हणून महिनाभर घसा फोडणारा मी, आणि माझ्या ध्यानात आलं नाही. शाळेत पाटी म्हणजे पाटी, ती लपवायची. पण दसऱ्याला पाटी म्हणजे देव. देवाला कुणी लपवतं का? कुणाच्याच मनात आलं नाही. आबासाहेबांच्यासुद्धा.

नवे अमीनसाहेब शिलंगणाला शस्त्रं किती निघतात ते बघायला आले होते. एक गंजकी तलवार आणि दोन भाले बघून त्यांचं समाधान झालं. परत फिरताना पाट्या दिसल्या. "ये क्या है?" तेवढ्यात धुरपताबाई पुढं झाली, अंबिकाच्या पाटीवर हात ठेवून म्हणाली, "सायेब, ही माजी हाय. दसऱ्याला समदे आपापलं आवजार मांडत्यात, म्या माजं मांडलं." साहेब म्हणाले, "तेरा? क्या करती इसका?" म्हणाली, "दूध किती घातलं ते लिवते." तिचं बघून लिंबाजीची बायको बायनाबाई म्हणाली, "आन् ही माजी." मग एकेक बाई एकेका पाटीपाशी जाऊन उभी राहिली. साहेबांनी धुरपताबाईच्या हातात पेन्सिल दिली. "लिख."

म्हातारीनं पेन्सिल विळ्यासारखी मुठीत धरली. पाटीवर खालीवर ओरखडे काढले, घाम फुटला तिला. शिपाई हसायला लागले. एकानं तिच्या डोक्यावरचा पदर काठीनं उचलला आणि म्हणाला, "पढी-लिखी है बुढिया." मला ते बघवलं नाही. मी म्हणालो, पाट्या माझ्या पोरांच्या आहेत, शाळा माझी आहे, खोलीचं आबासाहेबांना ठाऊक नव्हतं. हे शेवटचं खोटं त्यांनी मानलं असावं, कारण पाटलांना नेलं नाही.

मुचलका मोडल्याबद्दल दोनतीन महिने होतील. ते मी काढीन. पण आता त्यांना दुसरंच पाहिजे आहे. इतक्या पाट्या गरीब मास्तराकडं आल्या कुठून? बाहेरच्या कुठल्यातरी मंडळीनं सरकारविरुद्ध काम करायला पुरवल्या, असं त्यांचं म्हणणं. तसं ठरलं तर दोन वर्षं. मी गप्प आहे, कारण अक्काचं नाव घेतलं की तुमचं नाव येतं आणि तुमची नोकरी जाते. पण एका चौकटीवर "बन्सीधर, सेलू" असं डागलेलं आहे. ते घेऊन अमीन सेलूला येणार आहेत. तुम्हांला आधी ठाऊक असावं म्हणून लिहिलं. काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, माझा आग्रह नाही.

गोविंद


सेलू
आश्विन वद्य ९

चि. गोविंदरावांस आशीर्वाद.

अमीनसाहेब काल मदरशात येऊन गेले. सदर मुदर्रिसांच्या, म्हणजे हेडमास्तरांच्या, समोर त्यांनी ती पाटी मेजावर ठेवली व मला विचारले, "हा बन्सीधर कोण?" ती पाटी आपल्याकडे गेल्याचे मला आपल्या पत्रावरूनच प्रथम कळले होते, तरी डोळ्यांनी पाहीपर्यंत खरे वाटले नव्हते.

मी उत्तर दिले, सेलूत या नावाची पुष्कळ मुले असतील. साहेबांनी विचारले, "आपल्या घरात कुणी?" मी म्हणालो, "नाही."

त्यांनी ते लिहून घेऊन माझी दस्तखत घेतली. विचारपूर्वक बोललो आहे. माझी नोकरी गेल्यास आपणांस सोडवावयास बाहेर कोण राहणार? वकील पाहत आहे. सौ.ला आपण आजारी असल्याचे सांगितले आहे. तिला पत्र लिहू नये.

दत्तोपंत


सेलू
कार्तिक शुद्ध ७

गोविंदा,

हे पत्र लिंबाजी भाकरीच्या फडक्यातून आत देईल. वाच आणि माझं बोलणं खाली मान घालून ऐक, कारण आता मी थांबणार नाही.

आजारी आहेस म्हणे! मी तुझ्यासाठी काढ्याचं सामान बांधत होते. सुमनबाई कुंपणाशी येऊन रडायला लागल्या. त्यांच्या यजमानांनी शनिवारी सगळं सांगितलं होतं आणि त्यांना वाटलं, मला ठाऊकच असणार. भावाला कैद होऊन इतके दिवस झालेले, आणि मला शेजारणीकडून कळतं! माझ्याच हातानं पाठवलेल्या पाट्यांनी हे झालं आणि ते मला शेजारणीकडून कळतं!

मी ह्यांना विचारलं. सगळं सांगितलं त्यांनी, खाली बघून. मुचलका, धूळ, तुमची दोघांची पत्रं. मी म्हटलं, एक शब्द, फक्त एक शब्द मला सांगितला असता, तर मी एक पाटी पाठवली नसती. दसऱ्याचं नाव काढलं नसतं. माझ्यापासून का लपवलंत? तर म्हणाले, "तुझ्या पोटात काही राहत नाही."

आणि मग ते अमीनला काय म्हणाले तेही सांगितलं. त्यांच्या घरात बन्सीधर कुणी नव्हता.

मी त्यांच्याशी भांडले नाही. रात्रभर बसून राहिले आणि सकाळच्या गाडीनं परभणीला गेले. सुमनबाई बरोबर आल्या. हो, जिच्यापासून तुम्ही लपवत होतात तीच, नवऱ्याची नोकरी त्याच कचेरीत असून. म्हणाल्या, "चला, घरोघर दोघी फिरलो होतो, मग आता तुम्ही एकट्या कशा?" कचेरीत बायका येत नाहीत. शिपाई उठून उभाच राहिला. अमीनांच्या वरचे साहेब वयस्क होते. त्यांनी खुर्ची दिली, मी बसले नाही. म्हटलं, "त्या पाट्या मी पाठवल्या. सेलूच्या बायकांकडून मागून आणल्या. कुणा मंडळीचा संबंध नाही. एक पाटी माझ्या मुलाची आहे."

साहेब म्हणाले, "आपल्या यजमानांनी दस्तखत करून दिली आहे की असा मुलगा नाही." मी म्हटलं, पाटी आणू नका, आधी माझं ऐका. चौकटीचा उजवीकडचा वरचा कोपरा बघा. तिथं दातांच्या खुणा आहेत. हिशेब चुकला की बन्सी तो कोपरा चावायचा. पुढचा एक दात पडलेला होता, म्हणून मधे एक जागा कोरी आहे. त्यांनी पाटी मागवली. बराच वेळ बघितली. मग मला पुन्हा बसायला सांगितलं, आणि मी बसले.

साहेबांनी माझा जबाब मराठीत लिहवून घेतला. तो मी स्वतः वाचला आणि खाली माझ्या हातानं सही केली. कारकून बघतच राहिला. बाहेरच्या मंडळीचं कलम त्यांनी काढून टाकलं आहे. तुला मुचलक्याचे तीन महिने होतील, त्याला इलाज नाही. पाट्या जप्त राहणार, बन्सीचीही. मी मागितली, त्यांनी नाही म्हणून मान हलवली. खोट्या जबाबावर दस्तखत केली म्हणून ह्यांची नोकरी गेली. कागद काल आला. सुमनबाईंच्या यजमानांना अजून कुणी काही विचारलेलं नाही, पण त्या रोज वाट बघायल्यात.

तुझी शाळा बंद आहे. आबासाहेबांनी खोलीला कुलूप लावलं, त्यांचंही बरोबर आहे. अंबिका आजीच्या ओसरीवर पाटी मागत बसते, असं लिंबाजी म्हणाला.

मी घरी आले तेव्हा हे ओसरीवर होते. दोन दिवस बोलले नाहीत. मला वाटलं, आता हे माझ्याशी जन्मभर बोलणार नाहीत, आणि खरं सांगू, मला त्याचं काही वाटेना. तिसऱ्या दिवशी जेवताना एकदम विचारलं, "दातांच्या खुणा अजून आहेत?" मी म्हटलं, आहेत. ताटावरून उठले, भिंतीकडं तोंड केलं आणि रडायला लागले. बन्सी गेला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. मी पाठीवर हात ठेवला. राग गेला नव्हता रे, पण ठेवला.

आता माझ्या पोटात काय राहतं आणि काय नाही, ते ऐक.

बन्सी गेला तेव्हा हे औरंगाबादेला होते. पोर तापानं फणफणलेलं. दोन दिवस दारावरून कुणाच्या वहाणा वाजल्या की "बाबा आले" म्हणून उठायला बघायचं. मला पन्नासदा विचारलं, बाबा कधी येणार. शेवटी मी खोटं सांगितलं, आले, पाय धुवायलेत. तेवढ्यानं त्याचं समाधान झालं आणि त्यानं डोळे मिटले. हे आले तोवर सगळं झालं होतं. त्यांनी विचारलं, "मला बोलवत होता का?" मी म्हटलं, नाही, झोपेतच गेला, कुणाचं नाव काढलं नाही.

दोन वर्षं मी त्यांना वाढते आहे, त्यांचे कोट धुते आहे, आणि हे सांगितलेलं नाही. परवा ते भिंतीकडं तोंड करून रडत होते तेव्हा ओठांवर आलं होतं, तरी नाही सांगितलं. सुमनबाईंना नाही, तुला नाही, देवाला नाही. आज तुला लिहिते, कारण तुम्ही दोघांनी मिळून मला ओळखलं नाहीत आणि निदान एकानं तरी ओळखावं.

हे वाचून झालं की कागद फाडून टाक. सुटून आलास की ह्यांच्यासमोर बस, बोल, हवं तर भांड. पण हे त्यांना कधीही सांगू नकोस.

अक्का